सहा चाळीस

उन्हं पुलाच्या कमानींखालून निघून गेली
की अण्णा चपला शोधू लागतात.
"निघतो. पाणी बघायचंय."

एकतीस वर्षं त्यांनी कृष्णा वाचली,
आयर्विनखालच्या पट्टीवर, फुटा-इंचांत,
आणि सांगलीला सांगितलं, झोपा किंवा सामान हलवा.
आता पट्टी कुणी दुसरंच वाचतं.
अण्णांना नातवाचं नाव आठवत नाही,
कातरवेळ मात्र बरोबर आठवते.

पहिले दोन महिने मी दाराला कडी लावली.
ते कडीशी भांडले, माझ्याशी भांडले,
एकदा खिडकीतून चौगुल्यांना ओरडून म्हणाले,
"ह्या बाईनं मला डांबलंय, तुम्ही तरी धान्य माळ्यावर टाका!"

मग एकेक कळत गेलं, चुकत चुकत.
पडदे अंधाराआधी ओढायचे,
नाहीतर काचेत एक म्हातारा दिसतो
आणि अण्णा म्हणतात, त्याला आत घ्या, भिजेल.
बातम्या बंद. मिक्सर बंद.
ट्यूबलाइट नको, कपाटाची सावली अंगावर येते;
कोपऱ्यातला पिवळा दिवा पुरे.
जेवण दिवस मावळायच्या आत,
तो तर आमच्यात सासूबाईंच्याही आधीचा नेम:
दुधात कुस्करलेली भाकरी, शेंगाचटणी नखभर.
मग पायांना खोबरेल. डावा आधी.
उजवा आधी घेतला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तरी चपला.
सहा चाळीसला, काहीही करा, चपला.

बादली श्रेणिकला सुचली. सहावीतलं पोर.
न्हाणीत निळी बादली भरली,
दप्तरातली मोजपट्टी आत उभी धरली
आणि हाक मारली, "अण्णा, पाणी किती आलंय बघा की!"

अण्णा आले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.
पाणी स्थिर व्हायची वाट बघत राहिले,
श्वास धरून, जणू फुंकरीनंही आकडा हलेल.
मी ह्या घरात आले तेव्हा ते निवृत्त झालेले;
माणूस कामात कसा दिसत असेल
ते मला न्हाणीच्या दारात उभं राहून कळलं.
"एकोणीस. उतार आहे. लिहा."

लिहिलं. कारखान्यानं वाटलेल्या डायरीत,
तारीख, वेळ, एकोणीस, उतार.
"कचेरीत कळवलं?"
"कळवलं."
"मग लोकांना झोपू दे."
आणि ते स्वतः झोपले.

तेव्हापासून मी रोज बोटभर पाणी कमी भरते.
चढतं पाणी घरात नको.
तळ दिसायला लागला की पुन्हा काठोकाठ,
तेवढं त्यांच्या लक्षात राहत नाही.

भरतेश पाळीवरून येतो साडेअकराला.
एकदा म्हणाला, बापाला असं खेळवायचं, किती दिवस?
मी डायरी पुढे सरकवली. चार महिन्यांची पानं.
तो बराच वेळ वाचत बसला,
मग ताट न मागता न्हाणीत गेला
आणि उद्यासाठी बादली घासून ठेवली.

काल पाणी स्थिर झालं, अण्णा वाकले नाहीत.
माझ्याकडे बघितलं, नीट, ओळखून.
"त्रिशला, ही बादली आहे."

नळ ठिबकत होता.
श्रेणिकनं पट्टी पाठीमागे लपवली.

"बादली आहे," ते पुन्हा म्हणाले, स्वतःशीच,
मग हात पुढे करून पट्टी मागितली,
गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, थांबले.
"सतरा. लिहा.
नोंद एक दिवससुद्धा चुकवायची नसते."

तारीख लिहिली, वेळ लिहिली, सतरा लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
पेन तसंच धरून बसले
आतल्या खोलीतून घोरणं सुरू होईपर्यंत.