ट्रेडमिल, धंतोली

छातीवरचे केस भादरून
सिस्टर ढबाले दहा वायरी चिकटवते.
"कळ आली की सांगायचं, काका. लपवायचं नाही."

बाबांनी लपवली नव्हती.
त्यांना ती ओळखूच आली नाही.
मे महिना, गोळीबार चौक,
कूलरची टाकी कोरडी,
रात्री सावजीची तर्री ओरपलेली.
बनियन चिंब, डावा जबडा धरून म्हणाले,
"काही नाही बे, ग्यास आहे. जा, सोडा आण."

मी धावलो. अनवाणी.
ठेलेवाला खर्रा घोटत होता.
"थांब ना बे, एवढा होऊ दे."
थांबलो.
परत आलो तेव्हा बाटलीतले बुडबुडे
अजून वर येत होते
आणि आई त्यांचे तळवे चोळत होती.

पट्टा चढाला लागतो.
दरवर्षी मारबतीमागे घसा फोडून ओरडलो,
घेऊन जा गे, रोगराई घेऊन जा.
खिशातली खर्ऱ्याची पुडी मात्र
कोणी तिच्या अंगावर फेकली नाही.
मीसुद्धा.
बीपीची गोळी आठवली तर घेतली.
बाबा एक्कावन्नचे होते. मला पोळ्याला लागेल.

सातव्या मिनिटाला कागदावरची रेघ
जराशी खाली बसते.
मला काहीच दुखत नाही.
सिस्टर पट्टा थांबवते, डॉक्टरांना हाक मारते.

पायऱ्यांवर बसून लेकीला फोन लावतो.
"काय निघालं, पप्पा?"
"अँजिओग्राफी सांगितली. ते जाऊ दे.
तू एक ऐकून ठेव,
मी कधी ग्यास म्हणालो ना,
तर सोडा आणायला जाऊ नको.
गाडी काढ."