छत्तीस पानं

एकतीस वर्षं मी कोरी पानं तपासली
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, दिव्यावर धरून:
शाई फुटली का, आकडा सरकला का, टाका सुटला का.
लाखो माणसं माझ्या बोटांखालून देशाबाहेर गेली.
मी गेले ती भगूरपर्यंत, नणंदेकडे.

आता माझं स्वतःचं बुक स्पीड पोस्टानं आलंय.
पोस्टमन सहीसाठी खोळंबलाय
आणि मी दारातच, जुन्या सवयीनं,
पानापानावरून अंगठा फिरवते.
अठरा-एकोणीसच्या खाचेत
एक टाका किंचित तिरका.
मी असते तर बाजूला काढलं असतं.

अल्माटी ते समरकंद.
नकाशात एक वीत भरते.
श्रीरंग विचारतात, "वीत तुझी की माझी?"

द्वारकेच्या पुलाखाली गुलाब मिस्त्रीनं
मला आठ दिवस हाताखाली घेतलं.
फी रोजचा एक कटिंग, साखर जास्त.
साखळी तोडायला शिकले, जोडायला शिकले,
डोळ्यांवर ओढणी बांधून ट्यूब बदलायला.
"तिकडं माळावर लाइट कुठली, मावशी?"
आणि हेही, की डाव्या पेडलचे आटे उलटे.
सगळं जग ज्या बाजूला सैल होतं
त्याच बाजूला ते आवळतं.
सासूबाई आठवल्या. लगेच समजलं.

पहाटे साडेचारला त्र्यंबक रस्ता.
दोन्ही पिशव्यांत गहू, सात-सात किलो,
कारण सामान ठरलं नव्हतं, वजन ठरलं होतं.
महिरावणीपाशी वारा असा आडवा येतो
जसा उधारी मागायला आलेला माणूस.
पेगलवाडीच्या चहावाल्यानं पिशवी दाबून पाहिली:
"ताई, दळणाला एवढ्या लांब?"
म्हटलं, गिरणी जरा पुढंय.

तंबू गच्चीवर ठोकून पाहिला.
खुंट्या स्लॅबमध्ये जाईनात,
म्हणून चार कोपऱ्यांना चार कुंड्या.
सकाळी पागारेंच्या सुनेनं
त्यावर बटाट्याचा कीस वाळत घातला होता.
पण रात्री आत पडल्यावर पहिल्यांदा भीती वाटली,
लांडग्यांची नाही, थंडीची नाही.
खालून कुकरची शिट्टी ऐकू आली,
तिसरी झाली आणि गॅस बरोबर बंद झाला.
कुणीतरी केला. मी नव्हे.

श्रीरंग नोटांच्या प्रेसमधले.
मोजल्याशिवाय त्यांना झोप नाही.
माझ्या सामानाचे रकाने त्यांनीच आखले, ग्रॅममध्ये.
मेतकूट दोनशे. स्पोक चार, पन्नास-पन्नास पैशांएवढे हलके म्हणतात.
बीपीच्या गोळ्या नव्वद.
टूथब्रश, दांडा अर्धा कापून, नऊ.
गोडा मसाला लिहिला, खोडला, लिहिला, खोडला.
शेवटी माझा कंगवा खोडला.

चला म्हणून मी म्हटलं नाही,
येतो म्हणून ते म्हणाले नाहीत.
त्यांचा डावा गुडघा
आम्हा दोघांच्या वतीनं बोलून गेला
आणि विषय सामोसे आणायला बाहेर पडला.

सायकल आता खोक्यात आहे.
हँडल वळवून, पुढचं चाक काढून,
माझ्या जुन्या पातळात गुंडाळलेला डेरेल्युअर.
खोका बरोबर टीव्हीसमोर.
श्रीरंग मान वाकडी करून बातम्या पाहतात,
हलव म्हणत नाहीत.

काल रात्री दीडला स्वयंपाकघरात दिवा.
ते माझं बुक मोजत बसले होते,
गड्डी मोजावी तसं कडेनं, अंगठ्याच्या पेरानं,
ओठ हलवत.
छत्तीस.
पुन्हा एकदा. छत्तीस.
"बरोबर भरली," म्हणाले,
कमी भरली असती
तर कुठंतरी तक्रार करता आली असती, अशा आवाजात.

"मधला टाका तिरकाय," मी दारातूनच म्हटलं.

चष्मा वर करून त्यांनी खाच दिव्यावर धरली.
बराच वेळ.
"चालतंय," म्हणाले.
"पहिला शिक्का तिथंच मारून घे."