पंचवीस अंश

बाहेर चव्वेचाळीस.
अक्कलकोट रोडचं डांबर चपलेला चिकटून
लॅबच्या पायरीपर्यंत येतं.
आत पंचवीस. रात्रंदिवस पंचवीस.
सोळा तास उजेड, आठ तास अंधार,
आणि बरण्यांत, अगारच्या मऊ थरावर
सदाफुलीच्या पेशी,
ना मूळ, ना पान, ना फूल,
भिजवलेल्या पोह्यांसारखा फिकट गोळा.

मी पान कापते, पाच मिलिमीटर बाय पाच.
चिमटा ज्योतीत धरते, निववते, उचलते.
अम्मा पत्र्याचा तुकडा ठेवून
तेंदूचं पान कापते, तस्संच.
एकदा काचेबाहेरून बघत होती बराच वेळ.
"श्रीलता, दिवसाला किती होतात?"
साठ, म्हटलं.
हसली. तिच्या हजार होतात.

ट्रकभर पाला सुकवला
तर चिमूटभर औषध निघतं,
म्हणून हा सगळा खटाटोप.
पण गोळा नुसताच वाढतो. दुप्पट, चौपट.
साखर मिळते, जीवनसत्त्वं मिळतात,
आणि मशीनच्या कागदावर रेघ सपाट,
होटगीच्या माळासारखी.
कडू व्हायचं तरी कशासाठी?
कुणी कुरतडत नाही. ऊन नाही. तहान नाही.

मग आम्ही त्यांना घाबरवायचं ठरवलं.
बुरशी उकळली, गाळली, तिचं पाणी
चार-चार थेंब.
बुरशी नव्हे,
बुरशीची नुसती बातमी.

तिसऱ्या दिवशी गोळे कडेनं तपकिरी पडले.
मला वाटलं, गेले.
वहीत तसं लिहूनही टाकलं.
खाडाखोड अजून आहे त्या पानावर,
कारण अठराव्या मिनिटाला
रेघ उठली.
नखाएवढी.
मामड्याल सर चष्मा पुसत राहिले,
मग म्हणाले, पुन्हा करून बघा.

संध्याकाळी विडी घरकुलात
मोरीच्या पाण्यावर, सिमेंटच्या फटीत
तीच उभी, गुलाबी, धुळीनं माखलेली.
अम्मा तिला बिल्लगन्नेरू म्हणते.
कुणी लावली नाही, कुणी पाणी घातलं नाही.
एक पान दाताखाली दाबलं, थुंकलं.
जीभ आक्रसून गेली.

"येडी का काय," अम्मा सुपावरून मान न उचलता,
"शेळीसुद्धा तोंड लावत नाही त्याला,"
आणि दोऱ्याचा फेरा घालून
पुढची विडी बांधली.