बाकी

एप्रिलच्या आत आणायला हवेत, लिअँद्र म्हणाला,
रान गोठलेलं आहे तोवर.
चिखल झाला की हा रस्ता ट्रक गिळतो
आणि ढेकरही देत नाही.

म्हणून मार्चमधल्या एका सकाळी
सेंट जॉनच्या बंदरातून, स्प्रूसच्या फांद्या मोडत
दोन कंटेनर आले, एक चाळीस फुटी निळा, एक वीस फुटी विटकरी,
एकाच लग्नाला आलेल्या
अनोळखी पाहुण्यांसारखे जरा अंतर राखून बसले.

एकतीस वर्षं त्याच बंदरात
मी असल्या डब्यांचे नंबर लिहिले.
चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक.
तो चौकटीतला म्हणजे आधीच्या सगळ्यांचा साक्षीदार:
दुपटी-दुपटीनं गुणायचं, बेरीज करायची, अकरानं भागायचं,
उरेल ती बाकी चौकटीत.
आधी कुठे चुकलं असेल तर तिथे पकडलं जातं.
डब्यांचं बरं असतं.

केबिनचा नकाशा ओव्हिलाचा.
हार्डवेअरच्या दुकानाच्या कॅलेंडरामागे, सुताराच्या पेन्सिलीनं:
इथे चूल, इथे नदीकडे खिडकी, इथे एदमे,
म्हणजे मी, खुर्चीत, काडीचे हात.
मग तो अल्बर्टाला तेलावर गेला, दोन हंगामांसाठी.
हे नववं वर्ष.

पेटी तोलते ती चार कोपऱ्यांवर.
जहाजावर आठ-आठ, नऊ-नऊ एकावर एक रचतात, हूं की चूं नाही.
पण छताच्या मध्यावर तीन फूट बर्फ साचू दे,
पापडासारखी वाकते.
बाजू कापली की तेवढी ताकद गेली,
भोवती चौकट ठोकून ती परत द्यावी लागते.
हे मला कुणीतरी
लग्नाआधी सांगायला हवं होतं.

निळ्यात रबराचा वास. विटकरीत कसला तरी गोडसर,
लिअँद्र म्हणे सुका मासा,
त्याला सगळ्यातच मासा येतो.

पहिल्या रात्री मी हट्टानं आत झोपले.
खिडकी अजून खडूची रेघ होती.
वारा उठला, दार बसलं,
आणि बाहेरची मूठ आपल्याच वजनानं खाचेत पडली.
मी चाचपत राहिले.
एवढी वर्षं हे दार बाहेरूनच पाहिलेलं.
आतून ना कडी, ना मूठ, गुळगुळीत पत्रा.
मालाला कुठे बाहेर पडायचं असतं?

लोखंडाला घाम फुटला होता. मलाही.
एकच भोक होतं, चुलीच्या धुराड्यासाठी, सहा इंची.
त्याला तोंड लावून ओरडले,
मग चमच्यानं भिंत बडवत बसले,
मग नुसतीच बसले.
पहाटे नदीपलीकडे लिअँद्रची कुत्री भुंकली.

तो आला, दाढीत बर्फाचे मणी.
दार उघडलं, बोलला काहीच नाही.
वेल्डिंगचं यंत्र उतरवलं,
खिडकी राहू दिली, चूल राहू दिली,
आधी आतून कडी बसवली.
मी ती उघडून पाहिली. लावून पाहिली. परत उघडून.
तो दुसरीकडे बघत हातमोजे झटकत राहिला.

आता नोव्हेंबर. छतावर दुसरं छत आहे, उतरतं.
एक मूस रोज येऊन विटकरी भिंतीला पाठ घासतो,
त्याला वाटतं, ही इथलीच.

लोखंडात फोन लागत नाही,
नदीकाठच्या बुंध्यावर चढावं लागतं.
काल ओव्हिलाचा आला.
तिकडे उणे तीस. गुडघा दुखतो. कंपनीनं पुन्हा माणसं कमी केली.
सगळं सांगून झाल्यावर, नेहमीसारखं,
बाकी काय? म्हणाला.

मी केबिनकडे पाहिलं.
निळ्या भिंतीवरचा नंबर नव्या खिडकीनं खाल्लाय,
शेवटची चौकट तेवढी शाबूत.
चार, म्हटलं.
काय चार?
मी बुंध्यावरून उतरले.
फोन कटला.