पुलाच्या अलीकडे

रात्री साडेअकरा. रामबागेत
शेवटची स्कूटर आत घेतल्याचा आवाज.
मी चष्मा बदलते, कंट्रोलर उचलते.
वय त्रेपन्न. विमा कंपनी, वसुली विभाग.

"अजून खेळते तू?" कुंदावहिनी विचारतात,
अजून अंगठा चोखते का, अशा सुरात.
मी शेवेची वाटी पुढे करते.

दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांखाली माझी लाल शाई.
इथे मी पुलावरून पडते, अकरा वेळा,
आणि कोणी खुलासा मागत नाही.
पूल तोच, दरी तीच,
डावीकडची तिसरी फळी सैल आहे
हे फक्त आता बोटांना ठाऊक.

मग बडोद्याहून निरंजन येतो.
वाटणीच्या कागदांनंतर
आमच्यात फोन नाही, राखीचं पाकीट नाही.
हेडफोनमध्ये तेवढं : "थांब. उजवीकडे. हं, आता."

काल मी पडले. तो पलीकडे पोचला होता,
परत फिरला,
स्वतःचं अर्धं लाइफ घालून मला उठवलं.
"ताई," म्हणाला,
आणि मग बराच वेळ नुसता खोकला.

बारा वाजले. उद्या नर्मदेच्या पाण्याचा दिवस,
पाचला उठून टाकी भरायची आहे.
पूल अजून तसाच समोर.
"अजून एकदा?" तो विचारतो.