अकरा किलोमीटर जास्तीचे

मे महिन्यात कोणी येतं का इकडं फिरायला?
ती आली. ग्रीसची. एकटीच.
नाव कालिओपी. माझ्या जिभेवर ते टिकेना,
म्हणून मी कलाबाई म्हटलं.
कशाला होकार देतात इथं, ते विचारून घेतलं तिनं
आणि म्हणाली, हाव.

एक दिवस, एक गाडी, एसी धरून साडेचार हजार.
कागदावर तीन ठिकाणं : मनसर, नगरधन, पवनी.
मागची सीट सोडून ती पुढं बसली,
मांडीवर वही, पायाशी माझी पाण्याची कॅन.

मनसरच्या टेकडीवर विटाच विटा.
एका विटेवर तिनं पंजा ठेवला, मापाला ठेवतात तसा.
कोणी बांधलं?
मी म्हटलं, पाटीवर आहे.
पाटीची अक्षरं उन्हानं खाल्लेली.
लोक हिडिंबेची टेकडी म्हणतात, एवढं सांगितलं.
ती हसली. तिच्याकडंही म्हणे
ज्याचा मालक सापडत नाही
ते राक्षसाच्या सातबाऱ्यावर चढवतात.

नगरधनच्या बुरुजाला सावली नव्हती.
रखवालदार डबा खात होता, त्यानं आम्हांला कांदा दिला.
राजा कुठं बसायचा?
तो म्हणाला, वारा असंल तिथं जी.
हेही तिनं वहीत लिहिलं.

पवनीत परकोटाच्या खाली एका मोरीशी
कमळ कोरलेला दगड.
एक बाई त्यावर गोधडी आपटत होती.
फूल आपटून आपटून
पुन्हा कळी झालेलं.

जुन्या लेखांत आम्हांला यवन लिहीत, कलाबाई म्हणाली.
आता?
आता टुरिस्ट.

साडेचार वाजले. परतायचं होतं.
गाडी डावीकडं का वळली,
ते स्टिअरिंगला विचारा.

गोसेखुर्दचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं
तेव्हा मोहखेडा वर येतो,
ढोपरभर.

वाळून खपल्या धरलेला चिखल.
शाळेच्या चार पायऱ्या,
चढून गेलं की नुसतं आभाळ.
कोणी बांधलं? तिनं सवयीनं विचारलं
आणि दिवसभरात पहिल्यांदा
मला उत्तर येत होतं.

ह्या पायऱ्या कवडू गवंड्याच्या.
तिसरी वाकडी आली म्हणून
माझा बाप त्याच्याशी दोन वर्षं बोलला नाही.
हे चाक पिठाच्या गिरणीचं,
पट्टा तुटला की गाव भातावर यायचं.
इथं हिवराज पडला, कपाळाला चार टाके.
हा खड्डा चिंचेचा.
झाडाचे पैसे वेगळे मिळाले,
चिंचा न मोजता.
ही आमची न्हाणी. नाही, ती पलीकडची.
थांबा. हीच.

मी बोलत सुटलो, हिंदी संपली तिथून माझ्या बोलीत,
आणि ती मान हलवत राहिली.
वही बंद.
दिवसभर बूट घालून हिंडलेली बाई
आमच्या उंबऱ्याशी बूट काढून उभी.

मग वाकून एक खापर उचललं.
किती जुनं?
म्हटलं, माझ्या बायकोनं रांजण फोडला तेव्हाचं.
गाव सोडायच्या सकाळी. मुद्दाम.
तिनं ते होतं तसं, पालथं,
त्याच्याच ठशात ठेवून दिलं.

नागपूर आलं तेव्हा रात्रीचे नऊ.
बिलावर मी दोनशे बावन्न किलोमीटर लिहिले.
मीटर तिनंही पाहिलं होतं.
अकरा कमी लिहिले, म्हणाली.
मी म्हटलं, एकराचा भाव सरकारनं काढला होता,
किलोमीटरचा मला काढता येत नाही.

तिनं पेन मागितलं.
मनसर, नगरधन, पवनी,
आणि खाली तिच्या लिपीत एक नाव.
वाचता येईना. अक्षरं तेवढी मोजली, सहा.
आमचंच आहे का?

हाव, म्हणाली.