रनिंग फूट

माझ्याकडे भाव फुटावर असतो.
देव असो, पदवी असो, वारलेला सासरा असो,
चारी बाजू मोजायच्या, कोपऱ्यांची घट धरायची,
आकडा सांगायचा.
धोबीतलावच्या या गाळ्यात बापानेही हेच केलं.
एकाहत्तरला ब्लॅकआउट लागला तेव्हा फ्रेमा कोण करणार?
त्याने खिडक्यांना लावायचा काळा कागद विकला.
तोही फुटावर.
युद्ध म्हटलं की मला आधी ती गुंडाळी आठवते.

परवा मृण्मयी काळसेकर आल्या, लिलाव कंपनीच्या.
पांढरे हातमोजे घालून नळकांड्यातून कागद काढला.
वीस बाय अठ्ठावीस. स्क्रीनप्रिंट.
खाली पेन्सिलीत : दीडशेतला एक्केचाळिसावा.
एक बाई उकिडवी बसलीय,
पुढ्यात फौजी हेल्मेट, त्यात तांदूळ,
ती निवडतेय,
आणि बाजूला खड्यांची ढिगली पडावी
तशा पडल्यात बंदुकीच्या गोळ्या.

मूळ चित्र दारूखान्याच्या भिंतीवर होतं,
जुनी जहाजं फोडतात तिथे. काढणाऱ्याचं नाव नाही.
मग भिंतीला चुना लागला
आणि त्याच आठवड्यात आकडा तिप्पट झाला.
"आता नऊ लाख," काळसेकर म्हणाल्या.
"कोपऱ्यात हा शाईचा अंगठा दिसतोय ना?
चित्रकाराचा निघाला तर बारा."
मी अर्थ विचारला.
म्हणाल्या, तो कॅटलॉगमध्ये आहे, अडीचशे शब्दांत.

अंगठा मी ओळखला. बोललो नाही.
वामन पाताड्यांचा. मधोमध कापल्याची तिरकी रेघ.
लग्नपत्रिका छापायचे, निवडणुकीची पत्रकं छापायचे,
दोन्ही पक्षांची, एकाच डब्यातल्या शाईने.
आज असते तर उरलेल्या एकशे एकोणपन्नासांवरही
उठवून दिला असता, वर चहा मागितला असता.

"काच चमकणारी नको," बाई जाताना म्हणाल्या.

ती काच मी याआधी एकदाच लावलीय.
देवरुखकडचा म्हातारा, मुलाचा फोटो, वर्दीतला, बारा बाय अठरा.
साधी काच लावून दिली तर दुसऱ्या दिवशी परत आला.
म्हणाला, यात मीच दिसतो. तो दिसत नाही.
मग न चमकणारी बसवली आणि पैसे साध्या काचेचे घेतले.
त्याला ते कळलं असावं.
पिशवीतून आमसुलांची पुडी काढून
त्याने माउंटकटरच्या शेजारी ठेवली
आणि फ्रेम पोटाशी धरून, आडवी, जिना उतरला.

रविवारी दारूखान्यात गेलो. का, ते सांगता येणार नाही.
भिंत पांढरी. तिच्यावर गंजाचे ओघळ आलेले.
समोर कौतिकाबाईंची भिशी, गॅसकटरवाली पोरं जेवायला.
"तो होय? चार दिवस माझ्याच हातचं जेवला.
म्हणाला, मावशी, बसा अशाच.
तांदूळ माझे. खडेबी खडेच होते,
गोळ्या त्यानं मागनं घातल्या."
आणि हेल्मेट?
"जहाजातून निघालं होतं. हाय की."
मोरीमागे ठेवलेलं. बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं,
वरपर्यंत माती, कोथिंबीर टरारून आलेली.
विकणार का, विचारलं.
"दहाला जुडी."

रात्री गाळ्यात एकट्याने माउंट कापायला घेतला.
सागाची पट्टी नऊ फूट चार इंच, काच वेगळी,
बिल आधीच लिहून ठेवलेलं.
खिडकी अर्धा इंच आत घेतली असती
तर अंगठा कायमचा झाकला असता.
पट्टी ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली.
हाताला कोथिंबिरीचा वास होता.
अर्धा इंच बाहेर घेतली.